डॅशबोर्डवरचा दगड

...आणि वर मलाच विचारतात, "मर्ल, सहल कशी झाली?" कशी झाली म्हणजे? साडेतीन हजार मैल गाडी हाकली, सहा राष्ट्रीय उद्यानं पालथी घातली, आणि परत आलो तो काय होऊन? चोर होऊन! रीतसर! कागदावर, तारीख-वार घालून, स्वतःच्या सहीने! हसू नका. बसा, कॉफी घ्या, आमच्या हिने, लव्हॉनने, दालचिनीचा केक आणलाय तोही घ्या, पण हसू नका... कारण तुम्ही सगळे मला ओळखता. ह्या चर्चच्या तळघरात आत्ता जेवढी माणसं बसलीत त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी रस्त्याच्या कडेला थांबवलंय. पाद्रीबुवांना दोनदा! माझ्या सख्ख्या मेव्हण्याची मी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळी पावती फाडली, मागच्या सीटवर सणाची भाजलेली टर्की ठेवलेली, ती ह्याच लव्हॉनने खास मागवलेली, आणि तो म्हणतोय, अरे मर्ल, टर्की थंड होतेय... म्हटलं, होऊ दे. एकतीस वर्षं वर्दी अंगावर, तुम्हाला सांगतो! हायवे पोलिसात सार्जंट! माझ्या नावावर एक डाग नाही, एक तक्रार नाही, दुसऱ्याच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा मी कधी उचलली नाही.

आणि आता हे.

तर ऐका. सगळं सुरू झालं आमच्या कर्स्टनमुळे. कर्स्टन म्हणजे आमची लेक, ओमाहाला नर्स आहे, तिला उन्हाळाभर हॉस्पिटलात रात्रीच्या पाळ्या, तर ती म्हणाली, बाबा, तुमचं ते चाकावरचं घर दारात उभं राहून गंजतंय, हॅटीला घेऊन जा ना कुठेतरी. हॅटी म्हणजे नात. वय वर्षं नऊ, दोन वेण्या, पुढचे दात जरा मोठे, आणि नजर... आता नजर कशी सांगू तुम्हाला? तुम्ही गाडी थांबवलीत, काच खाली केलीत, आणि मी वाकून तुमच्याकडे बघितलं, आठवतंय? तशी. आरशात बघितल्यासारखं वाटतं मला.

मी म्हटलं, चला! आपल्या माणसाने उन्हाळ्यात उद्यानं नाही बघायची तर कधी बघायची? माझ्या वडलांनी आम्हा पाच भावंडांना स्टेशन वॅगनमध्ये कोंबून नेलं होतं, मी कर्स्टनला नेलं, आता हॅटी. घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे ते. बर्फाची पेटी भरली, लव्हॉनने तिची शिक्के मारायची वही घेतली... ती प्रत्येक उद्यानात आत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा शिक्का मारते, मग स्वच्छतागृह शोधते, मग निसर्ग! आणि मी डॅशबोर्ड पुसला. कारण डॅशबोर्डवर दगड आहे.

म्हणजे होता.

हा दगड तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. नाही पाहिला असं म्हणू नका, तुमची पावती लिहीत होतो तेव्हा माझ्या गाडीत समोरच होता. मुठीएवढा, तांबूस, कडेला पिवळा आणि मधून एक जांभळी रेघ. हा दगड म्हणजे मुळात लाकूड! वीस कोटी वर्षांपूर्वीचं झाड, गाडलं गेलं, आणि आतल्या आत त्याचा दगड झाला. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणून उद्यान आहे ना, तिथे असे ओंडकेच्या ओंडके माळावर पडलेत. आम्ही तिथे गेलो होतो १९७९ च्या जूनमध्ये, मधुचंद्राला. मी बावीस वर्षांचा, लव्हॉन एकवीसची, डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली. ऊन कलत आलेलं, ती एका ओंडक्यापाशी उभी, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली गुडघा टेकला. ती म्हणाली, अरे आता कशाला टेकतोस, लग्न झालंय आपलं! मी हा दगड उचलला आणि तिच्या हातात ठेवला. म्हटलं, "हे लाकूड वीस कोटी वर्षं टिकलंय, लव्हॉन. आपण पन्नास तरी टिकू."

आता हे बोलायला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे, मी बोलणाऱ्यातला नाही. आयुष्यात एकदाच असं बोललो. म्हणून तो दगड मी जपला. सात गाड्या बदलल्या, सातांच्या डॅशबोर्डवर तोच. पोलिसाच्या गाडीतसुद्धा! आणि कोणी म्हणालं की असले दगड तिकडे दुकानात मिळतात, तर मी म्हणायचो, छे छे, दुकानातले वेगळे, मढवलेले, मेकअप केलेले! खऱ्याचं तेज बघा. डोळे मिटून ओळखेन मी.

पाट्या नव्हत्या का तिथे? होत्या. 'काही उचलू नका.' मी वाचल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बावीस वर्षांचा माणूस, नवी बायको शेजारी... पाटी कोण वाचतो?

तर निघालो. पहिला मुक्काम बॅडलँड्स. तिथे हॅटीला ती पुस्तिका मिळाली, ज्युनियर रेंजरची, म्हणजे छोट्या उद्यानरक्षकांची. मुलांनी पुस्तिका भरायची, प्राणी ओळखायचे, खडक ओळखायचे, मग रेंजरसमोर उभं राहायचं, उजवा हात वर करायचा आणि शपथ घ्यायची, की मी ह्या उद्यानाचं रक्षण करेन, इतरांना सांगेन, वगैरे वगैरे. मग बिल्ला. बाकीची मुलं कशी घेतात शपथ? एक डोळा आइस्क्रीमच्या गाडीकडे! आमची हॅटी? टाचा जुळवलेल्या, हनुवटी वर, एकेक शब्द खणखणीत. रेंजरलाच सावरून उभं राहावं लागलं. माझी छाती अशी फुगली की सीटबेल्ट बसेना. मी लव्हॉनला म्हटलं, रक्त कोणाचं? लव्हॉन म्हणाली, बघू.

मग यलोस्टोन. तिथे गव्यांनी रस्ता अडवला, शंभर-दीडशे गाड्या खोळंबलेल्या, आणि मला काही राहवलं नाही, मी घरातल्या चपला घालूनच खाली उतरलो आणि वाहतूक हाताळायला लागलो... तू थांब, तू ये, तू पुढे घे... जमतं ते अजून! एकतीस वर्षं वर्दी अंगावर, तुम्हाला सांगतो, ते हातातून जात नाही. तेवढ्यात खिडकीतून आवाज. "आजोबा, पंचवीस यार्ड!" गव्यापासून पंचवीस यार्ड लांब राहायचं असा नियम आहे. मी म्हटलं, हो हो, आहे मी. तर ती म्हणते, "एकोणीस आहेत." हिने गाडीतल्या गाडीत मोजले होते, रस्त्यावरचे पांढरे पट्टे धरून! मी गाडीत येऊन बसलो. शंभर गाड्यांसमोर नातीने मला परत पाठवलं, आणि मी लव्हॉनकडे वळून काय म्हटलं असेल? रक्त कोणाचं!

टेटनमध्ये एका गृहस्थाने संत्र्याची साल तळ्यात टाकली, हॅटी त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. तो सहा फुटी माणूस अर्ध्या मिनिटात गुडघाभर पाण्यात! आर्चेसमध्ये लव्हॉनने पायवाट सोडून एक पाऊल बाहेर टाकलं, फोटोसाठी, एकच, तर पोरीने तिला सांगितलं की आजी, ही काळी माती जिवंत आहे, तुझ्या पावलाची जागा भरून यायला कितीतरी वर्षं लागतील. लव्हॉन बिचारी दिवसभर पाय उचलून उचलून चालत होती. मी खूश! चार उद्यानं, चार बिल्ले, जाकिटावर ओळीने. प्रत्येक पेट्रोल पंपावर मी काउंटरवरच्या माणसाला सांगायचो, ती बाहेर उभी आहे ना, ती माझी नात, चार बिल्ले आहेत, मी स्वतः पोलिसात होतो. माणूस म्हणायचा, चौतीस डॉलर.

आणि मग मेसा व्हर्दे. कोलोरॅडोत. कड्याच्या कपारीत जुन्या लोकांची दगडी घरं आहेत, फार सुंदर, ते असो. पाचवी पुस्तिका, पाचवा बिल्ला. शेवटच्या पानावर एक जास्तीचा प्रश्न होता, बिल्ला मिळाल्यावर सावकाश सोडवायचा, तो असा होता, की उद्यानातून उचललेली वस्तू कोणाकडे आहे हे तुम्हाला कळलं तर तुम्ही काय कराल? हॅटी पेन्सिल चावत बसली. मी गाडी चालवतोय, लव्हॉन नकाशा मांडीवर घेऊन बसलेली, आणि मागून प्रश्न, की आजोबा, तो दगड तुम्ही कुठून आणला म्हणालात?

आता बघा, ही गोष्ट मी त्या प्रवासात तिला तीनदा सांगितलेली. चौथ्यांदा सांगायला मला काय हरकत? मी रंगवून सांगितली! ऊन, हिरवा रुमाल, गुडघा, वीस कोटी वर्षं, सगळं. संपवलं आणि आरशात बघितलं. तर पोरगी जाकिटावरचे बिल्ले काढतेय. एकेक करून. टाचणी उघडतेय, काढतेय, टाचणी लावतेय. मग पुढे आली आणि पाचही बिल्ले दगडाशेजारी ठेवले, सरळ ओळीत, आणि म्हणाली, "मग मला हे घालता येणार नाहीत."

रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला गप्प करता येतं.

मी गाडी बाजूला घेतली आणि बोलायला लागलो. आणि बोलता बोलता, तुम्हाला सांगतो, माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटायला लागलं. मी म्हटलं, अगं, पाटी नीट दिसली नव्हती. मग म्हटलं, त्या काळी सगळेच उचलायचे. मग म्हटलं, केवढासा तो! मग म्हटलं, बायको सोबत होती... अहो, ही सगळी तुमची वाक्यं! एकतीस वर्षं काच खाली करून तुम्ही मला हेच ऐकवलंत! सार्जंट, पाटी दिसली नाही, सार्जंट, सगळेच जोरात चालले होते, सार्जंट, जेमतेम दहा मैलच जास्त होता, सार्जंट, बायको सोबत आहे. आणि ती पोर ऐकतेय. मान थोडी तिरकी. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मी जसा ऐकायचो तशी. आणि शेवटी मी जे म्हणायचो तेच म्हणाली. "झालं सांगून?"

मी लव्हॉनकडे वळलो. म्हटलं, तुझा दगड आहे, तूच सांग काय ते. लव्हॉनने नकाशातून डोकं वर केलं नाही. म्हणाली, "गाडी तू चालवतोस, मर्ल."

बस्स. एवढंच. सेहेचाळीस वर्षं हिच्यासाठी दगड मिरवला आणि वेळ आली तर हे.

त्या संध्याकाळी मुक्कामी मी पाइप लावून टाकी रिकामी करत होतो... चाकावरच्या घराची टाकी म्हणजे संडासाची टाकी, विचार करायला ती काही फार चांगली जागा नाही, पण विचार आला तो तिथेच. मी विचार केला, हे पाच बिल्ले मी डॅशबोर्डवर ठेवून घरी नेले तर ती काही बोलणार नाही. ओरडणार नाही, आईकडे चुगली करणार नाही. पण तिच्या डोक्यात एक खूण बसेल की आजोबांचा कायदा हा दुसऱ्यांसाठी असतो. आणि मग माझ्या एकतीस वर्षांना काय अर्थ? मला लाज वाटली, स्पष्ट सांगतो. आणि दगडाचं वाईटही वाटलं. आयुष्यात एकच गोष्ट धड बोललो होतो त्याची ती एकच खूण.

सकाळी गाडी काढली. घर पूर्वेला. वाटेत वाळूच्या टेकड्यांचं उद्यान, तिथली जागा राखून ठेवलेली, पैसे भरलेले. मी दक्षिणेला वळलो. दोनशे मैल उलट! शिपरॉक, गॅलप, सगळं भाजून काढणारं ऊन, गाडीतलं थंड हवेचं यंत्र म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यासारखं नुसतं धापा टाकतंय. हॅटीने फक्त एकदा विचारलं की आपण चुकीच्या रस्त्याला लागलोय का. मी म्हटलं, नाही, बरोबर रस्त्याला लागलोय. तर ती मागून उठून माझ्या सीटमागे येऊन उभी राहिली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, पट्टा लाव. चालत्या गाडीत उभं राहायचं नाही. नियम आहे!

पेट्रिफाइड फॉरेस्टच्या फाटकावर प्रत्येकाला विचारतात की गाडीत असला दगड आहे का. दुकानातून विकत घेतलेला असला तर तिथेच दाखवायचा, ते पिशवीत बंद करून चिठ्ठी लावून देतात. खिडकीतल्या मुलाने विचारलं आणि मी घसा खाकरतोय, शब्द जुळवतोय, तोवर मागून आवाज. "आहे. चोरीचा आहे. आम्ही परत द्यायला आलोय." आमच्या मागे अकरा गाड्या. अकराही जणांनी काचा खाली घेतल्या.

आत कार्यालयात रेंजरबाई होत्या, त्सोसी आडनाव, शांत, पन्नाशीच्या. आजूबाजूचाच मुलूख त्यांच्या लोकांचा, तिथल्या मूळ रहिवाशांचा. मी दगड टेबलावर ठेवला. त्यांना काही आश्चर्य नाही! म्हणाल्या, असे रोज येतात, पोस्टाने, खोक्यातून, कोणी चाळीस वर्षांनी, कोणी चार दिवसांनी. जास्त करून पत्रासकट. पत्रांची एक फाइलच आहे त्यांच्याकडे, काही तर काचेच्या पेटीत लावलीत लोकांना वाचायला. मी म्हटलं, मग हा होता तिथे ठेवून देऊ या. तर म्हणाल्या, नाही ठेवता येत. कुठला कुठे होता हे नेमकं कोणाला ठाऊक नसतं, चुकीच्या जागी ठेवला तर अभ्यास करणाऱ्यांची फसगत होते, म्हणून परत आलेल्या दगडांचा एक वेगळा ढीग आहे, रस्त्याच्या कडेला, तिथे जातो. म्हणजे बघा! तो परत केला तरी परत जात नाही.

फॉर्म भरला. नाव, मर्ल लिंडक्विस्ट. पत्ता. फोन. कधी उचलला, जून १९७९. सही. आणि हॅटी म्हणते, पत्र? मी म्हटलं, मी इथे आलोय, पत्र कशाला? तिने पेन पुढे केलं. काय करता! उभ्याने लिहिलं. काय लिहिलं ते पाठ आहे मला. लिहिलं, "मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो की पाटी दिसली नाही हे कारण चालत नाही. मला पाटी दिसली होती. दगड सुंदर होता आणि बायको त्याहून, म्हणून उचलला. चूक झाली. नातीने सांगितल्यावर कळलं, तेव्हा आभार तिचे माना." हॅटीने वाचलं. दोन शब्द दुरुस्त केले. मग रेंजरबाईंनी आम्हाला ढिगापाशी नेलं, आणि मी तो दगड तिथे ठेवला. हाताला फार हलकं हलकं वाटलं. डोळ्यात वाळू गेली माझ्या, वारा होता तिथे.

हॅटीने तिथेच, ढिगासमोर, सहाव्या बिल्ल्याची शपथ घेतली. आणि पाचच्या पाच परत जाकिटावर चढवले. रेंजरबाई मला हळूच म्हणाल्या, ही मुलगी कोणाची? मी म्हटलं, माझी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. एखाद्या सभ्य माणसाची संपली असती.

गाडीत येऊन बसलो. डॅशबोर्डवर जिथे दगड होता तिथे एक गोल डाग, बाकी सगळं उन्हाने विटलेलं. मी म्हटलं, लव्हॉन, माफ कर, तुझी वस्तू गेली. तर लव्हॉन चष्मा सावकाश काढते, पुसते, परत लावते, आणि म्हणते, मर्ल, तो दगड शेजारच्या होलब्रुक गावातल्या दुकानातला होता.

काय?

"त्या दिवशी रात्रभर मला झोप नाही आली," ती म्हणाली. "सकाळी तू गाडीचं चाक दुरुस्त करून घ्यायला गेलास. मी समोरच्या दुकानात गेले, त्यातल्या त्यात सारखा दिसणारा घेतला, माझ्या पैशाने. आणि तुझा पोस्टाने परत पाठवला. चिठ्ठी घातली सोबत. लिहिलं, की माझ्या नवऱ्याने हा प्रेमाने उचललाय, चोर नाहीये तो. येत्या सोमवारी पोलिसात रुजू होतोय. त्याला स्वच्छ हातांनी सुरुवात करू द्या."

सेहेचाळीस वर्षं! सात गाड्या! डोळे मिटून ओळखेन म्हणत दुकानातला दगड मिरवतोय, खऱ्याचं तेज बघा म्हणून लोकांना दाखवतोय, आणि ही शेजारी बसून सफरचंद सोलतेय! माझ्या नावावर डाग नाही, डाग नाही असं मी छाती ठोकून सांगत होतो, तो डाग नव्हता कारण हिने तो दुसऱ्याच दिवशी धुऊन टाकला होता आणि धुतला हे सांगितलंही नव्हतं. मी रुमाल काढून डोळे पुसले. वाळू म्हणू नका, काचा बंद होत्या. मला इतका अभिमान वाटला ह्या बाईचा... मी बावीसचा असताना जेवढा वाटला होता त्याहून जास्त.

मग राग आला! म्हटलं, अगं, मग काल सांगायचंस! दोनशे मैल उलट आलो! वाळूच्या टेकड्या बुडाल्या!

लव्हॉन म्हणाली, "मला बघायचं होतं, तू परत करतोस का."

आता ह्यावर भांडता येतं का? नाही येत. मी खाली उतरलो आणि जवळजवळ धावतच रेंजरबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, चूक झाली, खरा दगड बायकोने ७९ सालीच चिठ्ठीसकट पोस्टाने पाठवलाय, हा विकतचा आहे, द्या परत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची मानही थोडी तिरकी झाली, आणि मी काय ते समजलो. म्हणाल्या, काका, फाटकावर चोरीचा म्हणून नोंद आहे. फॉर्मवर चोरीचा म्हणून सही आहे. पत्रात चोरल्याचं कबूल केलंय, आणि फार छान कबूल केलंय. दुकानाची पावती आहे का? १९७९ ची पावती! आणि एकदा ढिगावर गेलेला दगड उद्यानाबाहेर नेणं, त्या म्हणाल्या, म्हणजे मग खरोखरच चोरी. मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, नियम आहे. एकतीस वर्षं वर्दी अंगावर, तुम्हाला सांगतो, पण आपल्यासारखं दुसरं माणूस समोर आलं की काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

परत गाडीत आलो, तर तिथे तिसरंच. हॅटी लव्हॉनकडे वळून बसलेली, मान तिरकी, आणि म्हणतेय, "म्हणजे आजी, तू आजोबांना सेहेचाळीस वर्षं खोटं सांगत होतीस?" आणि लव्हॉन... आयुष्यात ह्या बाईने कधी सबब सांगितली नव्हती! ती म्हणायला लागली की अगं, खोटं म्हणजे काय, त्याने विचारलंच नाही, आणि केवढीशी ती गोष्ट, आणि नवीन लग्न होतं... आणि हॅटी ऐकून घेतेय. झालं सांगून? मी गुपचूप गाडी सुरू केली. त्या दिवशी गॅलपच्या पेट्रोल पंपावर लव्हॉनने एका पोस्टकार्डावर मला माफीचं पत्र लिहिलं, पेन हॅटीने पुरवलं. ते माझ्या पाकिटात आहे. नाही, दाखवणार नाही.

तर हे असं झालं. आता परवा रेंजरबाईंचं पत्र आलंय. त्यांनी जुन्या फायली उघडून लव्हॉनची चिठ्ठी शोधली, ७९ सालची, सापडली! पण त्या म्हणतात, काचेच्या पेटीत लावायला मर्ल लिंडक्विस्ट यांचं पत्र जास्त बरं, त्यावर नाव-गाव आहे, मुलांना वाचून दाखवता येईल, तर परवानगी द्याल का? मी म्हटलं, अजिबात नाही! खरा दगड परत करणारीचं नाव कुठेच नाही, आणि ज्याने पैसे मोजलेला दगड दान केला तो चोर म्हणून देशभरातल्या पोरांपुढे? मी नकाराचं पत्र लिहायला बसलोसुद्धा होतो. तर कळलं, लव्हॉनने फोन करून होकार देऊन टाकलाय, आणि हॅटीने शाळेत सगळ्यांना सांगितलंय की माझ्या आजोबांचं पत्र उद्यानात लागणार.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर आत शिरल्यावर डाव्या हाताला काचेची पेटी आहे, बघून या. फोटो काढा. दोन काढा, एक कर्स्टनला पाठवायचाय. आणि तिथे कोणी विचारलं की हा चोर कोण, तर सांगा, आमच्या गावचा आहे. एकतीस वर्षं वर्दी अंगावर होती, तुम्हाला सांगतो, पण भिंतीवर नाव काही लागलं नाही... ते लागायला दगड चोरावा लागला, आणि तोही विकतचा.